धक्क्यावरचा पहिला प्रश्न : समुद्रमार्गे आलेल्या आश्रयार्थ्यांच्या अभ्यासाची प्रस्तावना

लाम्पेदुसा हे बेट इटलीचे, पण नकाशावर ते सिसिलीपेक्षा ट्युनिशियाला जवळ दिसते. क्षेत्रफळ जेमतेम २० चौरस किलोमीटर, वस्ती सहा हजारांच्या आसपास, पोट मासेमारीवर आणि उन्हाळी पर्यटकांवर. या बेटाच्या फावालोरो धक्क्यावर लिबिया आणि ट्युनिशियाहून निघालेली माणसे वर्षानुवर्षे उतरत आली आहेत. उतरलेल्याच्या अंगावर चकाकत्या वर्खाचे पातळ पांघरूण टाकतात, मनगटाला क्रमांकाची पट्टी बांधतात. डॉक्टर खरूज, ताप आणि भाजल्याच्या जखमा पाहतात. रबरी होडीच्या तळाशी सांडलेले पेट्रोल समुद्राच्या पाण्यात मिसळते आणि त्यात तासन्‌तास बसलेल्याची कातडी जळते. बायकामुलांना सुरक्षित म्हणून मधोमध, खाली बसवलेले असते, म्हणून या जखमा त्यांच्यातच जास्त.

मग केंद्रात नेल्यावर पुढ्यात एक कागद येतो. इटालियन पोलीस त्याला ‘फोल्यो नोतित्झिए’ म्हणतात. नाव, जन्मतारीख, देश आणि इटलीत येण्याचे कारण. कारणापुढे चौकटी छापलेल्या असतात : काम, नातेवाइकांकडे जाणे, गरिबी, आश्रय. लिहिणारा कित्येक तास, कधी कित्येक दिवस झोपलेला नसतो. दुभाषी त्याच्या भाषेचा मिळेलच असे नाही. काम हवे का, असे विचारल्यावर नको कोण म्हणेल? त्याने त्या चौकटीत खूण केली की सरकारदरबारी तो पोट भरायला आलेला ठरतो आणि देश सोडण्याचा आदेश त्याच्या हाती पडू शकतो. त्याच्या गावात काय घडले, हे तोवर कुणी विचारलेलेही नसते.

या अभ्यासक्षेत्रात तुमचे स्वागत करताना होडीच्या आधी हा कागद पुढे ठेवला आहे. होडी आपण सर्वांनी पाहिली आहे. २ सप्टेंबर २०१५ रोजी तुर्कस्तानात बोद्रुमजवळच्या वाळूत पालथा पडलेला आलान कुर्दी हा लहानगा सीरियन मुलगा ज्यांनी छायाचित्रात पाहिला ते त्याला विसरलेले नाहीत. त्या वर्षी दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रमार्गे युरोपात पोहोचली. पण अशा छायाचित्रांमुळे नकळत एक समजूत रुजली : संकट पाण्यात असते आणि किनारा लागला की ते सरते. समुद्र ओलांडायला एक रात्र लागते, फार तर काही दिवस. त्यानंतरचे ओलांडणे वर्षांचे असते. आपल्यावर जे गुजरले ते अनोळखी अधिकाऱ्याला, अनोळखी भाषेत, पटेल असे सांगायचे आणि पटेपर्यंत थांबायचे. आश्रय मागण्याच्या अनुभवाचा गाभा मला या दुसऱ्या प्रवासात दिसतो, आणि नव्या अभ्यासकाने आपले बहुतेक श्रम तिथे वेचावेत असे मला मनापासून वाटते.

त्यासाठी थोडा कायदा लागेल. निर्वासितांविषयीचा जिनिव्हा करार १९५१ चा. मुळात तो १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांमुळे परागंदा झालेल्यांपुरता होता. १९६७ च्या पूरक कराराने ही मुदत काढून टाकली. त्यातली व्याख्या आजही चालू आहे : वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत, या पाचांपैकी एखाद्या कारणाने छळ होईल अशी साधार भीती असलेला आणि स्वदेशाबाहेर असलेला माणूस. भूक या यादीत नाही. बुडता बुडता वाचणेही नाही. एरिट्रियातून पळालेल्या तरुणाचे उदाहरण घ्या. तिथली सक्तीची राष्ट्रसेवा कागदोपत्री १८ महिन्यांची, पण १९९८ च्या इथिओपियाबरोबरच्या युद्धापासून ती बेमुदत झाली. तो सुदानमार्गे लिबियात येतो, तिथे खंडणीसाठी कोंडला जातो, मार खातो, घरच्यांनी पैसे भरल्यावर होडीत बसतो. सांगायला बसला की त्याच्या तोंडून लिबियाच बाहेर येते, कारण ती जखम ताजी असते. अधिकाऱ्याचा मुख्य प्रश्न मात्र एरिट्रियाविषयीचा असतो. दोघेही एकमेकांशी प्रामाणिकपणे बोलत असतात, तरी बोलणे जुळत नाही. मुलाखतींची टिपणे वाचाल तेव्हा ही विसंगती पुन्हा पुन्हा भेटेल.

करारातली दोन कलमे लक्षात असू द्या. ३१ वे कलम सांगते की जिवाच्या भीतीने थेट आलेला निर्वासित परवानगीशिवाय सीमेत शिरला म्हणून त्याला शिक्षा करू नये, त्याने लवकरात लवकर अधिकाऱ्यांपुढे येऊन तसे शिरण्याचे रास्त कारण सांगावे एवढेच. करार लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे नुकतेच सरलेले महायुद्ध होते. पळणाऱ्याकडे पारपत्र नसते हे त्यांना कुणी सांगावे लागले नाही. ३ ऑक्टोबर २०१३ च्या पहाटे लाम्पेदुसाच्या किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर एक होडी उलटली. इंजिन बंद पडले, कुणी तरी इशारा म्हणून पांघरूण पेटवले, आग पाहून माणसे एका बाजूला धावली. ३६८ जण गेले, बहुतेक एरिट्रियाचे, १५५ वाचले. वाचलेल्यांवर बेकायदा प्रवेशाच्या गुन्ह्याची चौकशी सुरू झाली, कारण इटलीच्या कायद्यात तशी तरतूद होती. ३१ वे कलम कागदावर आणि चौकशीही कागदावर. या दोन कागदांमधल्या जागेत हा अभ्यास उभा आहे.

दुसरे ३३ वे कलम : जिथे जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे तिथे कुणाला परत लोटू नये. समुद्रावर हे कसे लागू होते, याचा खुलासा एका खटल्याने केला. ६ मे २००९ रोजी लाम्पेदुसाच्या दक्षिणेला ३५ सागरी मैलांवर इटालियन नौकांनी तीन होड्यांतल्या सुमारे २०० माणसांना वर घेतले आणि काहीही न विचारता त्रिपोलीला नेऊन सोडले. त्यांतले ११ सोमाली आणि १३ एरिट्रियन स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयात गेले. ‘हिरसी जमा विरुद्ध इटली’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्याचा निकाल २३ फेब्रुवारी २०१२ रोजी लागला : जहाज खोल समुद्रात असले तरी त्यावरच्या माणसांवर इटलीचा प्रत्यक्ष ताबा होता, म्हणून इटलीची जबाबदारीही होती. निकालाइतकाच त्याचा परिणामही अभ्यासण्यासारखा आहे. आपल्या जहाजाबरोबर आपला कायदा जातो असे ठरल्यावर सरकारांनी आपली जहाजे मागे घेऊन दुसऱ्याची पुढे करायला सुरुवात केली. फेब्रुवारी २०१७ मध्ये इटलीने लिबियाशी समझोता केला. तिथल्या तटरक्षकांना नौका, प्रशिक्षण आणि पैसा मिळाला आणि परत नेण्याचे काम त्यांच्याकडे गेले. ज्याला आश्रयाचा शब्द उच्चारायला कुणी युरोपीय अधिकारी भेटलाच नाही, त्याचा अर्ज नामंजूरही होत नाही. आकडेवारी वाचताना या न केलेल्या अर्जांची आठवण ठेवा.

आता जिथे मला जास्त वेळ थांबायचे आहे तिथे येतो : विश्वास. आश्रयाच्या बहुतेक खटल्यांत साक्षीदार एकच असतो, तो म्हणजे अर्जदार. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने १९७९ मध्ये काढलेल्या हस्तपुस्तिकेत हे मान्य केले आहे. पळून आलेल्याकडून प्रत्येक गोष्टीचा पुरावा मिळणार नाही, तेव्हा एकंदर कथन विश्वसनीय असेल तर संशयाचा फायदा त्याला द्यावा, असे ती सांगते. व्यवहारात कथनाची परीक्षा सुसंगतीवर होते. धक्क्यावर सांगितलेली तारीख आणि दीड वर्षाने मुलाखतीत सांगितलेली तारीख जुळते का? पहारेकरी तीन होते की चार?

जेन हर्लिही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या ठिकाणी प्रत्येकाने वाचावा. त्यांनी ब्रिटनमधल्या कोसोव्हो आणि बोस्नियाच्या निर्वासितांना निवडले. या लोकांना राहण्याची परवानगी आधीच मिळालेली होती, म्हणजे खोटे बोलून त्यांना काही साधायचे नव्हते. एकाच भयंकर प्रसंगाविषयी आणि एका साध्या प्रसंगाविषयी त्यांना दोनदा, मध्ये काही काळ जाऊ देऊन, विचारले. सर्वांच्याच कथनांत तफावत निघाली. प्रसंगाच्या कडेच्या तपशिलांत ती जास्त होती. आणि आघाताच्या विकाराची लक्षणे ज्यांच्यात तीव्र होती त्यांच्या बाबतीत दोन मुलाखतींमधले अंतर जितके जास्त, तितकी तफावत वाढत गेली. म्हणजे ज्याने अधिक सोसले आणि ज्याला अधिक थांबवले, त्याचेच बोलणे अधिक खोटे वाटणार. इतका साधा निष्कर्ष इतक्या वर्षांनंतरही कितीतरी निर्णयपत्रांपर्यंत पोहोचलेला नाही, याची मला खंत वाटते.

बोलण्यावर विश्वास नसला की शरीराला विचारतात. हाताचे ठसे युरोपच्या ‘युरोडॅक’ यंत्रणेत २००३ पासून नोंदले जातात, आणि डब्लिन नियमानुसार ज्या देशाने पहिल्यांदा ठसे घेतले त्याच देशात सहसा अर्ज चालतो. म्हणून उत्तरेकडे नातेवाईक असलेल्या कित्येकांनी बोटांची टोके जाळून घेतली. वय ठरवायला मनगटाचा एक्स-रे काढतात आणि तो ग्रॉयलिख व पाइल यांच्या चित्रसंग्रहाशी ताडून पाहतात. त्या संग्रहातली हाडे १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात वाढलेल्या सुखवस्तू गोऱ्या मुलांची आहेत. उपासात वाढलेल्या अफगाण किंवा सोमाली मुलाचे मनगट त्यांच्याशी मोजून तो अठराचा की सोळाचा हे ठरते, आणि त्यावर तो बालगृहात जाणार की प्रौढांच्या कोठडीत हेही ठरते.

समुद्राकडूनही साक्ष काढता येते, हे या क्षेत्राने अलीकडे शिकवले. मार्च २०११ च्या अखेरीस ७२ माणसांना घेऊन त्रिपोलीहून निघालेली एक रबरी होडी इंधन संपून १४ दिवस भरकटली आणि पुन्हा लिबियाच्याच किनाऱ्याला लागली. शेवटी नऊ जण जगले. ते सांगत होते की हेलिकॉप्टर आले, पाणी आणि बिस्किटे टाकून गेले. मोठे लष्करी जहाज जवळ येऊन निघून गेले. नाटोची युद्धमोहीम चालू होती, जबाबदारी घ्यायला कुणी पुढे येईना. लंडनच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयातले चार्ल्स हेलर आणि लोरेंझो पेत्झानी यांनी सॅटेलाइट फोनची नोंद, वारा आणि प्रवाह यांवरून काढलेला भरकटण्याचा मार्ग आणि उपग्रहांची रडारचित्रे एकत्र केली. २०१२ च्या त्यांच्या अहवालाने दाखवले की होडी जवळजवळ सारा वेळ नाटोच्या टेहळणीखालच्या पाण्यातच होती. नऊ जणांचा शब्द नकाशावर उतरला. भूगोल, भौतिकशास्त्र किंवा संगणकशास्त्र शिकलेल्या तरुणांनी हा विषय आपला नाही असे समजू नये, म्हणून हे उदाहरण मुद्दाम सविस्तर दिले.

मेलेल्यांचीही ओळख पटवावी लागते. १८ एप्रिल २०१५ च्या रात्री लिबियाच्या उत्तरेला मासेमारीची एक जुनी बोट मदतीला आलेल्या मालवाहू जहाजावर आदळून बुडाली. वाचले २८, गेलेल्यांचा आकडा ८०० च्या वर धरतात. इटलीच्या नौदलाने पुढच्या वर्षी ती बोट तळातून वर काढली, आणि मिलानच्या न्यायवैद्यक शास्त्रज्ञ क्रिस्तिना कात्तानेओ आणि इतर विद्यापीठांतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शेकडो देह तपासले. एका मुलाच्या कपड्यात आतून शिवलेला कागद सापडला : मालीतल्या शाळेचे प्रगतिपुस्तक. वय १४ च्या आसपास. गुणपत्रिका जिवापाड जपून नेणारा मुलगा पुढच्या देशात आपल्याला काय विचारतील याचा विचार करून निघाला होता. पुरावा लागणार हे त्याला ठाऊक होते.

मराठी वाचकाला हा विषय लांबचा वाटत असेल तर कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला जाऊन यावे. १९४० पासून सोव्हिएत सत्तेने सैबेरियाकडे हाकललेल्या पोलिश कुटुंबांपैकी कित्येकजण १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात आले आणि तिथून जहाजाने कराचीला. त्यांतल्या सुमारे पाच हजारांची, मुख्यतः बायका आणि मुलांची, छावणी वळिवड्याला १९४३ ते १९४८ होती. तिथे चर्च होते, पोलिश शाळा होत्या, बालवीरांची पथके होती. कोल्हापुरात त्यांचे स्मारक आहे. ते गेले आणि त्याच जागी फाळणीनंतर सिंधी कुटुंबे आली. आजचे गांधीनगर ते हेच. सिंधमधून आलेल्यांतले बरेचजण कराचीहून बोटीने मुंबईला उतरले होते, आणि कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत राहून त्यांनीच पुढे उल्हासनगर उभे केले.

या दोन्ही समूहांपैकी कुणालाही एकेकटे बसवून तुमची भीती साधार आहे हे सिद्ध करा असे म्हटले गेले नाही. पोलिश लोकांमागे सरकारांमधला करार होता, सिंधी लोकांमागे नव्या देशाचे नागरिकत्व. त्यांचे हाल कमी नव्हते. छावणीतली पहिली वर्षे, गेलेली घरे, परक्या गावात पहिल्यापासून मांडलेला व्यापार हे सगळे त्यांच्या नातवंडांना तोंडपाठ असते. पण ते समूह म्हणून ओळखले गेले, आणि कागदाने त्यांना वेगळे पाडले नाही. लाम्पेदुसाच्या धक्क्यावरचा माणूस शंभर जणांबरोबर उतरतो आणि तिथून पुढे एकटा होतो. हा फरक नीट समजला तर या विषयातले अर्धे वाद सुटतात, असे माझे मत आहे.

थांबण्याविषयी मात्र पुस्तकी व्याख्या अपुऱ्या पडतात. तिथे बेहरूझ बूचानी वाचावा. इराणमधला हा कुर्द पत्रकार २०१३ मध्ये होडीने ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोहोचला आणि तिथून पापुआ न्यू गिनीतल्या मानूस बेटावर पाठवला गेला. ऑस्ट्रेलियाने त्याच सुमारास जाहीर केले होते की होडीने येणाऱ्याला त्या देशात कधीही वसू देणार नाही. बूचानीने चोरून मिळवलेल्या फोनवर फारसीत तुकड्या-तुकड्यांनी संदेश पाठवत पुस्तक लिहिले. ओमिद तोफिघियन यांनी ते इंग्रजीत आणले. २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि पुढच्या वर्षाच्या आरंभी ऑस्ट्रेलियातला एक मोठा साहित्यपुरस्कार त्याला मिळाला, तेव्हा लेखक मानूसवरच होता. जेवणाची रांग, फोनची रांग, औषधाची रांग : माणसाच्या दिवसावरचा त्याचा ताबा कसा काढून घेतला जातो, हे त्याने आतून लिहिले आहे. अब्दुलरझाक गुर्ना यांची २००१ ची ‘बाय द सी’ ही कादंबरी दुसऱ्या टोकाने तेच दाखवते. तिच्यातला झांझिबारचा वृद्ध इंग्रजी येत असूनही विमानतळावर गप्प राहतो; बोलणे आणि न बोलणे हे दोन्ही आश्रयार्थ्याला जपून खर्चावे लागतात. तो विमानाने येतो, तरीही त्याला इथे जागा दिली आहे.

अभ्यासकाच्या वागणुकीविषयी दोन शब्द. तुम्ही प्रश्नांची यादी आणि ध्वनिमुद्रक घेऊन समोर बसता तेव्हा तुमची बैठक अधिकाऱ्याच्या बैठकीसारखीच दिसते. समोरचा तुम्हाला तीच गोष्ट सांगेल जी वकिलाने घासूनपुसून दिली आहे. त्यात त्याची लबाडी काही नाही. दुसरे काही सांगणे त्याला परवडणारे नसते. लीसा मालक्की यांनी टांझानियातल्या बुरुंडीच्या हुतू निर्वासितांमध्ये काम करताना पाहिले की छावणीत राहणारे आपला इतिहास सतत, एकमुखाने सांगत होते, आणि किगोमा शहरात मिसळून गेलेल्यांना निर्वासित म्हणवून घेण्याचीच निकड नव्हती. सांगण्याची जागा बदलली की कथन बदलते. ऑक्सफर्डला १९८२ मध्ये निर्वासित अभ्यासाचे केंद्र सुरू करणाऱ्या बार्बरा हॅरल-बाँड यांनी मदत करणाऱ्या संस्थांनाही अभ्यासाच्या कक्षेत आणले, आणि त्या स्वतः आश्रयार्थ्यांच्या खटल्यांसाठी शेवटपर्यंत झटत राहिल्या. अभ्यास आणि मदत वेगळे ठेवावेत असा शिरस्ता आहे. या क्षेत्रात तो पाळणे अवघड आहे, आणि तो नेहमी पाळावाच असे मला वाटत नाही. मात्र कुणाचे नाव, गाव, वाट तुमच्या प्रबंधातून ओळखू येता कामा नये. मागे राहिलेल्या आईला त्याची किंमत द्यावी लागते.

आपल्या बाजूच्या समुद्रावर काम थोडे झाले आहे. भारत १९५१ च्या करारात नाही आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदाही नाही. १९८३ च्या जुलैमधल्या हिंसेनंतर श्रीलंकेतले तमिळ पाल्कची सामुद्रधुनी ओलांडून रामेश्वरमच्या बाजूला येऊ लागले आणि मंडपमच्या छावणीत त्यांची नोंद होत आली. २०२२ च्या आर्थिक संकटातही काही कुटुंबे त्याच वाटेने आली. त्यांच्याविषयी तमिळमध्ये आणि इंग्रजीत लिहिले गेले आहे, मराठीत फारसे नाही. मराठीला एक वेगळी वाटही मोकळी आहे. बुडणाऱ्याला वाचवणे हे प्रत्येक जहाजाचे कर्तव्य आहे, मग झेंडा कोणताही असो. ऑगस्ट २००१ मध्ये ‘टाम्पा’ या नॉर्वेच्या मालवाहू जहाजाने ख्रिसमस बेटाजवळ ४३३ जणांना वर घेतले, आणि ऑस्ट्रेलियाने बंदर नाकारल्यावरही कप्तान आर्ने रिनान यांनी त्यांना सोडले नाही. भूमध्य समुद्रात मालवाहू जहाजांनी हजारोंना असेच उचलले आहे, आणि जगातल्या मालवाहू जहाजांवर भारतीय खलाशी मोठ्या संख्येने असतात. त्यांत आपल्या किनारपट्टीचेही आहेत. जहाजाच्या नोंदवहीत वेळ, अक्षांश-रेखांश आणि वर घेतलेल्यांची संख्या एवढे येते. शिडी कुणी सोडली, आधी कुणाला घेतले, स्वयंपाक्याने इतक्या माणसांना काय रांधून घातले, बंदर मिळेपर्यंत डेकवर काय बोलणे झाले, हे त्या खलाशांनाच माहीत आहे. ज्यांना हा विषय घ्यायचा आहे त्यांनी रत्नागिरी, मालवण, अलिबागकडच्या निवृत्त खलाशांपासून सुरुवात करावी, आणि प्रश्नांची यादी पहिल्या भेटीत घरीच ठेवावी.